पाण्याच्या रिपोर्टवर ज्याचं नाव छापलं जातं, तो ‘ई-कोलाय’वाला एशेरिख होता तरी कोण?

मे महिना संपत आला की हिंगोली जिल्ह्यातल्या गावागावांत एक काम सुरू होतं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहीर, बोअर, हातपंप, नळयोजना असा सगळीकडे फिरतो, निर्जंतुक बाटलीत पाणी भरतो, बाटलीवर गावाचं आणि स्रोताचं नाव टाकतो. मग ती बाटली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत जाते. सेनगाव असो, कळमनुरी असो की वसमत, पद्धत एकच. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, अशी वर्षातून दोनदा ही जैविक तपासणी करायची असते.

मग रिपोर्ट येतो. पिण्यास योग्य, नाहीतर पिण्यास अयोग्य.

अयोग्य आला की पारावर ठरलेली चर्चा सुरू होते. पाणी तर नितळ आहे. चवीला गोड आहे. आज्या-पणज्यापासून याच विहिरीचं पितोय, आपल्याला काय झालं?

या सगळ्या चर्चेत रिपोर्टवरचा एक शब्द कुणी नीट वाचत नाही. ई-कोलाय. यातला ‘कोलाय’ म्हणजे मोठ्या आतड्यातला. आणि ‘ई’ म्हणजे एशेरिखिया. हे चक्क एका माणसाचं आडनाव आहे. लहान मुलांच्या एका डॉक्टरचं. आणि या डॉक्टरने पाणी तपासायची पद्धत शोधलेलीच नाही. मग त्याचं नाव इथपर्यंत आलं कसं?

त्यासाठी जावं लागतं जर्मनीतल्या बव्हेरियात.

थिओडोर एशेरिख यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८५७ चा, आन्सबाख नावाच्या गावातला. वडील फर्डिनांड हे सरकारी वैद्यकीय अधिकारी. औषधपाण्यासोबत त्यांना आकडेवारीचा भारी नाद, कोण कोणत्या वयात मरतं याचे हिशोब मांडण्याचा. आई थिओडोर पाच वर्षांचा असतानाच गेली. पोरगा खोडकर निघाला, म्हणून बाराव्या वर्षी त्याला ऑस्ट्रियातल्या फेल्डकिर्खला जेझुइट पाद्र्यांच्या निवासी शाळेत टाकलं. तिथून पुढे स्ट्रासबुर्ग, कील, बर्लिन, वुर्झबुर्ग, म्युनिक अशी विद्यापीठं फिरत त्याने वैद्यकीचं शिक्षण घेतलं आणि १८८१ मध्ये डॉक्टर झाला.

आता हा काळ लक्षात घ्या. जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा नुकतंच पटायला लागलं होतं. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. पुढच्याच वर्षी ते पटकीचा म्हणजे कॉलऱ्याचा जंतू शोधत इजिप्तला गेले आणि तिथून थेट कलकत्त्याला आले. १८८४ मध्ये कलकत्त्यात एका तळ्याच्या पाण्यात त्यांना तो स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू सापडला. त्याच तळ्याच्या काठावर राहणाऱ्या लोकांना पटकी झाली होती. पाणी आणि पटकी यांचा संबंध सूक्ष्मदर्शकाखाली दिसला तो असा, आपल्याच देशात.

त्या वेळी हिंगोली निजामाच्या राज्यात होती आणि इथे हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत तेव्हा पटकी आली की मरीआईचा गाडा करून तो शिवेबाहेर ओढून न्यायचे. रोग आपल्या शिवेतून पलीकडच्या शिवेत. पलीकडचं गाव तो आणखी पुढे ढकलायचं. यात हसण्यासारखं काही नाही. रोग एका गावातून दुसऱ्या गावात जातो हे लोकांनी बरोबर ओळखलं होतं. तो कशातून जातो, एवढंच कळत नव्हतं. आणि ते युरोपातल्या मोठमोठ्या प्राध्यापकांनाही कळत नव्हतं, ते पुढे येईलच.

त्याच १८८४ साली इटलीतल्या नेपल्समध्ये पटकीची मोठी साथ आली. हजारो माणसं गेली. तिथे जाऊन साथीचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये सव्वीस वर्षांचे तरुण डॉक्टर एशेरिखही होते. तिथून परतल्यावर त्यांचं ठरलं, जंतूशास्त्र शिकायचं आणि ते लहान मुलांच्या आजारांसाठी वापरायचं. कॉख यांच्या पद्धती शिकलेले विल्हेल्म फ्रोबेनियस म्युनिकमध्ये होते. एका जातीचा जंतू दुसऱ्यापासून वेगळा करून वाढवायचा कसा, हे एशेरिख त्यांच्याकडून शिकले.

लहान मुलंच का? कारण बव्हेरियात बाळं भयंकर प्रमाणात मरत होती. जन्मलेल्या दर तीन-चार बाळांमागे एक पहिला वाढदिवस बघत नसे. आईचं दूध पाजायची पद्धत तिथे बऱ्याच भागांत मागे पडलेली होती. बाळाला गाईचं दूध, पिठाची पेज असलं काहीबाही दिलं जायचं. उन्हाळा आला की हगवण लागायची आणि लेकरं पाणी पाणी होऊन जायची. म्युनिकच्या हाउनर बाल रुग्णालयात एशेरिख काम करायला लागले तेव्हा त्यांच्यासमोर रोज हेच होतं.

बाकीचे शास्त्रज्ञ त्या काळात खुनी जंतूच्या मागे होते. एशेरिख यांनी वेगळी वाट धरली. हगवणीचा जंतू शोधायचा तर आधी निरोगी बाळाच्या पोटात काय काय असतं ते माहीत पाहिजे ना? घरात चोर शिरलाय का हे कळायला घरातली माणसं ओळखीची लागतात. मग त्यांनी ते काम हातात घेतलं जे कुणालाच नको होतं. नवजात बाळांची शी गोळा करायची, काचेवर पसरायची, नुकत्याच निघालेल्या ग्रॅमच्या रंगाने रंगवायची, जिलेटिनवर जंतू वाढवायचे आणि एकेकाची कुंडली मांडायची. कोण दूध नासवतं, कोण साखर आंबवतं, कोण हवेशिवाय जगतं.

त्यात त्यांना पहिली गोष्ट दिसली ती ही की बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या पहिल्या काळपट शीमध्ये जंतू सापडत नाहीत. काही तासांतच ते दिसायला लागतात. म्हणजे ते बाहेरून येतात. दुसरी गोष्ट, बाळ दूध प्यायला लागल्यावर त्यात एक आखूड दांडक्यासारखा, झपाट्याने वाढणारा जंतू हमखास सापडतो. जुलै १८८५ मध्ये म्युनिकच्या एका वैज्ञानिक मंडळासमोर त्यांनी हे सगळं मांडलं. त्या जंतूला त्यांनी नाव दिलं ‘बॅक्टेरियम कोलाय कम्युन’, म्हणजे आतड्यातला नेहमीचा जंतू. अगदी साधं नाव. स्वतःचं नाव त्यांनी दिलं नव्हतं. पुढच्या वर्षी या विषयावर त्यांचं पुस्तक आलं आणि बालरोगांत जंतूशास्त्राचा जाणकार म्हणून त्यांचं नाव झालं.

ज्या मारेकऱ्याच्या शोधात निघाले होते तो मात्र त्यांना तेव्हा सापडला नाही. सापडला तो निरोगी पोटातला एक मुक्कामी. हाच मुक्कामी पुढे जगभरातलं पिण्याचं पाणी तपासायला कामाला येणार होता, याची कल्पना त्यांना असायचं कारण नव्हतं.

१८९० मध्ये एशेरिख ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात प्राध्यापक म्हणून गेले. आणि १८९२ ला दोन घटना घडल्या ज्यांचा त्यांच्याशी थेट संबंध नव्हता.

पहिली घटना हॅम्बुर्गची. शहराला एल्बे नदीचं पाणी न गाळता पुरवलं जात होतं. पटकी आली आणि आठ हजारांहून जास्त माणसं मेली. शेजारीच आल्टोना हे गाव. त्याच नदीचं पाणी, पण वाळूतून गाळून दिलेलं. तिथे साथ फार पसरली नाही. दोन गावांमधली सीमा कुठे कुठे एका रस्त्याइतकीच होती. एवढं होऊनही म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर हे बडे आरोग्यशास्त्रज्ञ मानायला तयार नव्हते की नुसत्या जंतूने पटकी होते. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पटकीचे जंतू असलेलं द्रावण सगळ्यांसमोर पिऊन दाखवलं. थोडी हगवण लागली, वाचले. गावच्या विहिरीचं पाणी पिऊन आपल्याला काय झालं असं म्हणणारा माणूस तेव्हाही होता, आणि तो विद्यापीठात होता.

दुसरी घटना व्हिएन्नातली, जिच्याकडे वर्तमानपत्रांचं लक्षही गेलं नसेल. फ्रान्झ शार्डिंगर यांनी एक साधी युक्ती सुचवली. अडचण अशी होती की पाण्यात विषमज्वराचा किंवा पटकीचा जंतू शोधणं म्हणजे औंढ्याला शिवरात्रीच्या यात्रेत चुकलेलं एक पोर शोधण्यासारखं. ते संख्येने थोडे असतात, कधी असतात कधी नसतात, आणि प्रयोगशाळेत वाढवायला कटकटीचे. तुम्हाला सापडेपर्यंत गावात साथ पसरलेली असते. शार्डिंगर यांचं म्हणणं असं की रोगाचा जंतू शोधूच नका. एशेरिख यांनी वर्णन केलेला तो आतड्यातला नेहमीचा जंतू शोधा. तो पाण्यात सापडला याचा अर्थ विष्ठा पाण्यात मिसळली आहे. आणि विष्ठा मिसळली आहे तर आज ना उद्या तिच्यासोबत पटकी, विषमज्वर, कावीळ काहीही येऊ शकतं. १८९३ मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या नद्यांचं पाणी तपासताना हीच कल्पना वापरली. साखर घातलेल्या द्रावणात पाणी टाकायचं आणि वायू तयार होतो का ते बघायचं.

म्हणजे ई-कोलाय हा पाण्यातला आरोपी कमी आणि खबऱ्या जास्त. या कामाला तो इतका फिट बसतो त्याला कारणं आहेत. माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेत तो कोट्यवधींनी असतो, त्यामुळे थोडी घाण मिसळली तरी सापडतो. प्रयोगशाळेत एका दिवसात वाढतो. आणि पाण्यात तो साधारणपणे फार काळ टिकत नाही, म्हणून तो दिसला तर घाण हल्लीच मिसळली आहे असं समजायचं. गाई-म्हशींच्या शेणातही तो असतो. त्यामुळे विहिरीला लागून गोठा असेल तरी रिपोर्ट बिघडतो. शेणच आहे ना, असं म्हणून ते सोडून देता येत नाही, कारण जनावरांकडूनही माणसाला आजार देणारे जंतू येतात.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. इथली जमीन काळ्या पाषाणाची. त्या खडकाला जिथे भेगा आहेत तिथून पाणी झपकन खाली उतरतं, वाटेत गाळलं जाण्याइतकी मातीच मिळत नाही. पहिल्या पावसात उकिरड्याचं, गटारीचं, शोषखड्ड्याचं पाणी अशा भेगांमधून बोअरमध्ये आलं तर वर काहीच दिसत नाही. रंग तोच, चव तीच, वास नाही. डोळ्यांनी न दिसणारी ही भेसळ पकडायलाच ती बाटली प्रयोगशाळेत जाते.

तिथे काय होतं? आधी बाटलीचंच बघा. पाण्यात क्लोरिन असेल तर तिचा परिणाम थांबवायला बाटलीत सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. नाहीतर क्लोरिन वाटेतच जंतू मारत राहील आणि रिपोर्ट खोटा चांगला येईल. बाटली थंड ठेवून २४ तासांच्या आत पोचवायची असते. प्रयोगशाळेत हे पाणी लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर असलेल्या द्रावणाच्या अनेक नळ्यांमध्ये ठराविक मापाने टाकतात. प्रत्येक नळीत एक छोटी नळी उलटी ठेवलेली असते. सुमारे ३७ अंशाला २४ ते ४८ तास ठेवल्यावर आतड्यातल्या जातीचे जंतू असतील तर साखर आंबते, आम्ल तयार होतं, रंग बदलतो आणि उलट्या नळीत वायूचा बुडबुडा अडकतो. अशा नळ्या पुढे सुमारे ४४ अंशाला ठेवून बघतात. इतक्या उष्णतेतही वाढणारा तो बहुतेक विष्ठेतूनच आलेला. किती नळ्यांमध्ये बुडबुडा आला यावरून तक्त्यात बघून १०० मिलिलिटरमध्ये जंतू किती असावेत याचा अंदाज काढतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही सापडता कामा नये.

थोडक्यात, कोण साखर आंबवतं आणि कोण नाही हा म्युनिकमधला शीचा हिशोब आजही चालू आहे. नळ्या तेवढ्या बदलल्या.

गावात शाळेत किंवा अंगणवाडीत तुम्ही कदाचित दुसरी एक छोटी बाटली बघितली असेल. पाणी भरून ठेवायचं आणि काळं पडलं तर समजायचं की गडबड आहे. ही हायड्रोजन सल्फाइडची चाचणी. के. एस. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती भारतात तयार केली आणि १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. वीज नको, महागडं यंत्र नको. यात एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. ही बाटली ई-कोलाय पकडत नाही. विष्ठेसोबत येणारे दुसरे काही जंतू गंधकापासून वायू तयार करतात, त्याचा लोहाशी संयोग होऊन काळा रंग येतो. म्हणून ती काळी झाली की नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. आणि ग्रामपंचायतीला मिळणारं लाल, पिवळं, हिरवं कार्ड हे आणखी वेगळं प्रकरण आहे. ते स्रोताच्या आजूबाजूची स्वच्छता, गळती, क्लोरिनेशनची व्यवस्था बघून दिलं जातं. हिरवं कार्ड असलेल्या गावातही एखाद्या हातपंपाचं पाणी नापास होऊ शकतं.

तिकडे ग्राझमध्ये एशेरिख मात्र पाण्याच्या मागे लागले नव्हते. त्यांचं लक्ष बाळांवर होतं. त्यांनी तिथल्या मुलांच्या दवाखान्याला नाव मिळवून दिलं. घटसर्पावरचं सीरम नवं होतं तेव्हाच त्यांनी ते आपल्या लहान रुग्णांना दिलं. आतड्यातला तो नेहमीचा जंतू मूत्रमार्गात गेला तर मुलांना त्रास देतो, हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे घरातला माणूस घरात ठीक, चुकीच्या जागी गेला की उपद्रवी. १८९२ मध्ये त्यांनी मार्गारेट फाउंडलर यांच्याशी लग्न केलं. त्यांचे सासरे लिओपोल्ड हे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्याच नावाचा मुलगा झाला, मग एक मुलगी, शार्लोट.

१९०२ मध्ये व्हिएन्नाचं बोलावणं आलं. सेंट अ‍ॅना बाल रुग्णालयाचं प्रमुखपद म्हणजे त्या काळच्या बालरोगतज्ज्ञासाठी सगळ्यात मानाची जागा. आणि याच सुमारास त्यांचा मुलगा लिओ दहा वर्षांचा होऊन अपेंडिक्सच्या आजाराने गेला. मुलांच्या आतड्यांवर आयुष्य काढलेल्या बापाचा मुलगा आतड्याच्याच दुखण्याने जावा, यावर काय बोलणार?

१९०३ मध्ये एशेरिख यांनी व्हिएन्नामध्ये बाळांच्या संरक्षणासाठी एक संस्था काढली. तिच्यामार्फत ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिले, बाळाला आईचं दूध पाजा. ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी सुरक्षित दुधाची सोय केली, बाळांची देखभाल करणाऱ्या परिचारिकांना शिकवलं. पंचवीस वर्षं सूक्ष्मदर्शकातून बघितल्यावर त्यांचा भर प्रयोगशाळेबाहेरच्या अशा साध्या कामांवर होता. १५ फेब्रुवारी १९११ ला व्हिएन्नामध्ये पक्षाघाताने त्यांचं निधन झालं. वय अवघं ५३.

त्यांचं नाव जंतूला लागलं ते त्यानंतर. आल्डो कास्तेल्लानी हे इटालियन डॉक्टर कोलंबोत बरीच वर्षं काम केलेले. त्यांनी आणि अल्बर्ट चामर्स यांनी १९१९ मध्ये आपल्या उष्ण कटिबंधातल्या रोगांच्या ग्रंथात या जंतूच्या गटाला एशेरिखिया म्हटलं. अधिकृत शिक्का बसायला १९५८ उजाडलं.

आणि तो मारेकरी? १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन ब्रे यांना बाळांच्या हगवणीच्या साथीत ई-कोलायच्याच काही खास उपजाती सापडल्या. बहुतेक ई-कोलाय निरुपद्रवी, पण काही जातभाई बाळांना मारणारे. एशेरिख ज्याला शोधत होते त्याचा एक हिस्सा त्यांच्या हाताखालच्या जंतूच्याच भावकीत होता. दुसरीकडे याच जंतूला कामाला लावून माणसाचं इन्सुलिन बनवलं गेलं आणि १९८२ पासून ते बाजारात आलं. शुगरवाल्या कित्येकांचं आयुष्य त्याने वाढवलं.

गावात रिपोर्ट अयोग्य आला तर पुढचं काम टीसीएल पावडरचं, म्हणजे ब्लिचिंग पावडरचं. ही पावडर उघड्या पोत्यात पडून राहिली की तिच्यातलं क्लोरिन उडून जातं, म्हणून पावडरचाही नमुना तपासतात. २० टक्क्यांपेक्षा कमी क्लोरिन निघालं तर ती टाकून उपयोग नाही. पाण्यात टाकल्यावर अर्ध्या तासाने आरोग्य कर्मचारी ओटी टेस्ट करतात. नळाच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे गावातल्या अगदी शेवटच्या घरात पिवळा रंग आला पाहिजे. टाकीजवळ रंग आला आणि शेवटच्या घरात नाही, तर मध्ये कुठेतरी पाइप फुटलेला असू शकतो, कदाचित गटारीतून जाणारा. दोष दुरुस्त होऊन फेरतपासणीत पाणी योग्य ठरेपर्यंत घरात पाणी उकळून प्यायचं.

एशेरिख यांनी १८८५ च्या सुमारास म्युनिकच्या बाळांपासून वेगळा काढलेला जंतू अजून जिवंत आहे. १९२० मध्ये तो लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या राष्ट्रीय जंतूसंग्रहात जमा झाला, क्रमांक ८६. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची जनुकं पूर्ण वाचून काढली आणि प्रसिद्ध केली.